गडग्यावरचा चंद्रसेन

बायकांच्या दारावर बसणाऱ्या बाईला पडदा दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सिनेमाच्या थेटरात नोकरी केली म्हटलं की लोक पहिलं हेच म्हणतात, "मग काय, सगळे खेळ फुकट पाहिले असतील." पाहिले नाहीत. ऐकले. आणि मूकपट ऐकले असं सांगितलं, की माझ्या डोक्यात काही बिघाड आहे असं समजून ते विषय बदलतात. म्हणून थोडं नीट सांगते.

रत्नागिरीतलं आमचं थेटर म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला मशीन, बाहेर धडधडणारं इंजिन आणि मधोमध जाड कापडाची कनात. कनातीच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. माझे यजमान मशीन चालवत. ते विषमज्वराने गेले तेव्हा थेटराचे मालक तात्या घरी आले आणि चहासुद्धा न घेता म्हणाले, "वहिनी, बायकांच्या दारावर पुरुष बसवला तर बायका येत नाहीत. बाई बसवावी तर मिळत नाही. तुम्ही बसाल?" मी मराठी सातवी पास होते आणि पदरात दोन मुलं होती. बसले. माहेरच्यांनी अबोला धरला. तो पुढे एका गाजलेल्या खेळाची तिकिटं कुठेच मिळेनात तेव्हा सुटला.

काम बाहेरून सोपं दिसतं. तिकीट फाडायचं आणि आत सोडायचं. पण खेळ सुरू झाला की खरं काम सुरू होतं. अंधारात रडणारं मूल कोणाचं ते आवाजावरून ओळखायचं आणि आईला न दुखावता दोघांना बाहेर आणायचं. मासळीवाल्या बाजारातून थेट येत, रिकाम्या पाट्या घेऊन. त्यांच्याशेजारी बागायतदारांच्या सुना बसायला तयार नसत. भांडण होऊ नये म्हणून मी वारा बघून जागा देत असे. खिडकीतून वारा आत येत असला की पाट्या मागच्या बाकाखाली, बाहेर जात असला की खिडकीशी. कोणी मला हे शिकवलं नव्हतं, पण त्यानंतर त्या बाजूला एकही भांडण झालं नाही.

शिवाय मी एक यादी ठेवत असे, ती मात्र तोंडपाठ, कागदावर कधीच नाही. कोण सिनेमाला आली आहे आणि कोण देवळात गेली आहे. देवळात गेलेल्या बायका दिवे मालवल्यावर येत आणि दिवे लागायच्या आत निघून जात. त्यांत एक वकिलीणबाई होत्या. त्या इतक्या नेमाने देवळात जात की त्यांच्या सासूबाई साऱ्या आळीला सुनेच्या भक्तीचं कौतुक सांगत. एकदा सासूबाई स्वतःच खेळाला आल्या, तेव्हा मी त्यांना दाराशी बसवून त्यांच्या संधिवाताची चौकशी सुरू केली, ती सूनबाई मागच्या दाराने निघेपर्यंत थांबवली नाही.

आता ऐकण्याचं. मूकपटात पात्रं ओठ हलवतात आणि मग काळ्या पाटीवर त्यांची वाक्यं येतात. पाट्या इंग्रजीत, गुजरातीत, हिंदीत. मराठी असलीच तर बारीक अक्षरात, खाली. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून तात्यांनी दत्तारामला ठेवलं होतं. पडद्याच्या बाजूला, पेटीवाल्याशेजारी स्टुलावर उभा राहून तो पाट्या मोठ्याने वाची. वाची असं आपलं म्हणायचं. इंग्रजी त्याला येत नव्हतं आणि गुजराती तो अंदाजाने लावी. जे समोर घडतंय त्यात माणूस काय बोलेल, ते तो बोले. राजा, राणी, कपटी प्रधान, सगळ्यांचे आवाज वेगळे. मी दाराकडे तोंड करून बसलेली असे. माझ्यासाठी सिनेमा म्हणजे पाठीमागून येणारा दत्ताराम.

त्या काळात आमच्याकडे सगळ्यांचा जीव चंद्रसेनवर होता. मास्टर चंद्रसेन. घोड्यावरून उड्या मारणारा, तलवारबाजी करणारा, आणि रडायची वेळ आली की खरोखर रडणारा. एका खेळात तो किल्ल्याच्या तटावर तलवार उपसून उभा राहतो आणि खाली शत्रूचं सैन्य. पाटीवर काहीतरी लांबलचक होतं. दत्ताराम त्याच्याकडे न बघता, छाती फुगवून म्हणाला, "गडग्याच्या अल्याड ये, मग दाखवतो."

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. गडगा म्हणजे जांभ्या दगडांचा, चुना न घालता नुसता रचलेला कुंपणाचा बांध. आमच्याकडे आंब्याच्या कलमांपेक्षा गडगे जास्त, आणि गडग्यांपेक्षा गडग्यांवरची भांडणं जास्त. भाऊबंदाने रात्रीत गडगा सरकवला म्हणून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात. तेव्हा चंद्रसेनच्या तोंडी ते वाक्य आलं आणि पत्र्याची शेड टाळ्यांनी दणाणली. पुढे ते वाक्य गावभर झालं. पोरं पाखाडीच्या पायऱ्यांवरून तेच ओरडत. भावाभावांत, जावाजावांत तेच. कोर्टात एक अशील ऐन साक्षीत ते बोलला आणि न्यायाधीशांना त्याचा अर्थ सांगावा लागला.

यातूनच पुढचा सगळा घोटाळा झाला. गडगा म्हणतोय, म्हणजे आपल्यातलाच. घाटावरच्या माणसाच्या तोंडात हा शब्द येईल कशाला? आरे-वाऱ्याकडचे लोक म्हणत तो आमचा भाचा. कोणी म्हणे खाडीपलीकडचा. शब्द दत्तारामचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तो डोळ्यांसमोर उभा राहून बोलत होता. तरी ते कोणाच्या मनात टिकत नसे.

भागीरथी दोन खाड्यांपलीकडच्या नाटे गावची. खलाशाची विधवा. लेक रत्नागिरीत बंदराजवळ दिली होती, तिच्या बाळंतपणाला म्हणून आली होती. लेकीच्या शेजारणी तिला तो खेळ बघायला घेऊन आल्या. तटावरचं ते वाक्य झालं आणि माझ्या पाठीमागे कोणीतरी हाक मारली, "सख्या." मी वळून पाहिलं तर ही उभी. मागच्या बायका "बस गो, बस" म्हणून ओरडत होत्या आणि तिला काही ऐकू येत नव्हतं.

मी तिला बाहेर आणून पाणी दिलं.

"तो माजा सखाराम हाय," ती म्हणाली. "गडग्यावर असाच चडला व्हता."

मग तिने सांगितलं. चुलत्याने गडगा सरकवला, त्यावरून भांडण झालं. सखाराम कोयता घेऊन गडग्यावर चढला आणि असंच काहीबाही बोलला. खालून चुलता धावून आला, दगड निसटले, चुलता पडला आणि डोकं फुटलं. पोराला वाटलं मेला. त्याने त्याच दिवशी मुंबईची बोट धरली, तो आजतागायत परतला नाही.

"चुलता मेला?" मी विचारलं.

"कशाचा मरतोय? चार दिसांनी भाकर खायला लागला. पर त्याला कोन सांगनार? एक पत्र नाय धाडलंन."

मी तिला म्हटलं, आये, पडद्यावर माणसं रंग लावून असतात, चेहरा ओळखू येत नाही. ती म्हणाली, तेच तर, म्हणून मी पण आधी वळकला नाय.

त्यानंतर चंद्रसेनचा खेळ लागला की भागीरथी येई. उन्हाळ्यात शिडाच्या मचव्याने, नाहीतर दोन खाड्या तरीच्या होडीने ओलांडून पायी. बायकांच्या बाजूला ती चंद्रसेनची आई म्हणूनच ओळखली जाऊ लागली. पुढच्या बाकावर तिला जागा ठेवत. नव्या सुना पाया पडत. ती पदर सावरून बसे आणि अंधार झाला की पडद्याशी बोले, हळू, पण मला दारापर्यंत ऐकू येई. "काका बरा हाय रे. ये घरला." खेळ सुटल्यावर मला सांगे, "बारीक झालाय गो वहिनी. खायला नाय घालत त्याला."

दत्तारामने मात्र तिला फसवलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर काहींनी त्याला बोल लावला. माझ्यासमोर त्याने तिला सांगितलं, "आये, ते शब्द माझे. तो काय बोलतो ते मलाही ठाऊक नाही." ती हसली. म्हणाली, "तू नुस्ता वाचतोस रे. बोलतो तो."

मग बोलपट आले. चंद्रसेनचा पहिला बोलपट लागला त्या दिवशी माणसं रेटारेटी करून आत शिरली. पडदा बोलू लागला आणि चंद्रसेनच्या तोंडून बारीक, नाकातला आवाज आला. क्षणभर कोणालाच कळेना. मग पुरुषांच्या बाजूने सुरुवात झाली. "हा कोण? आमचा चंद्रसेन कुठाय?" "मशीन बिघडलं, तात्या." "दत्तूला उभा करा." खुर्च्या वाजायला लागल्या. तात्यांनी शेवटी दत्तारामला स्टुलावर चढवला आणि तो बोलपटावरून बोलला, घसा फाटेपर्यंत, दोन आवाज एकमेकांवर आपटत होते. पण हे किती खेळ चालणार? आठवडाभराने तात्यांनी त्याला निरोप दिला. दोघेही रडले. दत्ताराम पुढे हातखंब्याला सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावर लागला. मोटार सुटताना गावांची नावं पुकारायची. तिथेही लोक मोटार चुकवून ऐकत बसत, असं म्हणतात.

भागीरथीने बोलपट पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाली, "घसा बसलाय त्याचा. मुंबयचं पानी."

आषाढात, बोटी बंद असताना, घाटावरून आलेल्या टपालात बातमी आली. मास्टर चंद्रसेन गेले. आजाराचं नावसुद्धा धड दिलं नव्हतं, चार ओळी, बाजारभावांच्या शेजारी. तात्यांनी वर्तमानपत्राचा तो अंक माझ्या हातात दिला आणि ते खाली बसले. मी ते दोनदा वाचलं. पावसात भिजत माणसं थेटरासमोर जमली, आत खेळ नव्हता, कोणी बोलवलं नव्हतं. मासळीवाल्या पाट्या डोक्यावर घेऊन तशाच उभ्या. काय करायचं असतं ते कोणालाच माहीत नव्हतं. देव गेला तर विसर्जन असतं, नातेवाईक गेला तर सुतक असतं. हा कोण होता आमचा?

सुतकाचं उत्तर नाट्याहून आलं. भागीरथीने सुतक धरलं होतं. ज्या चुलत्याशी गडग्यावरून भांडण, त्याच्याच मुलाने डोकं भादरून सखारामचे दिवस घातले, आणि दोन घरं इतक्या वर्षांनी एका पंगतीला बसली. तात्या म्हणाले, "आपण शोकसभा घेऊ, पण आईने धरलेलं सुतक फिटल्यावर. त्याआधी बरं दिसत नाही." मुंबईच्या नटाची सभा आम्ही नाट्याच्या पंचांगाने ठरवली आणि त्यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा.

सभेचं सगळं मी आखलं. फोटो, हार, उदबत्त्या, बसायची व्यवस्था, भाषण एकच आणि तेही तात्यांचं, म्हणजे आटोपशीर. पण नुसत्या भाषणाने लोकांचं समाधान होणार नाही हे दिसत होतं. तेव्हा वकिलीणबाईंनी निरोप धाडला की त्यांच्यापाशी एका मासिकाचा जुना अंक आहे, त्यात चंद्रसेनची मुलाखत आहे. मी म्हटलं, आधी वाचायला द्या. त्यांनी साफ नाही म्हटलं. अंक कपड्यांच्या पेटीत, घडीच्या लुगड्यात ठेवला होता, तो त्या हातातून सोडायला तयार नव्हत्या. सभेला स्वतः घेऊन येईन, म्हणाल्या. भागीरथीबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं, असायचं कारणच नव्हतं. अंधारात येऊन अंधारात जाणाऱ्या बाईला पुढच्या बाकावर कोण बसतं ते कसं कळणार?

दत्तारामला हातखंब्याहून बोलावलं.

भागीरथी दुपारी आली. पाऊस थांबला होता. दोन खाड्या ओलांडून आलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. मी तिला पुसायला पंचा दिला.

"वहिनी, त्याचं बोलनं वाचनार म्हनं आज. खरं?"

"हो. छापून आलंय ते."

"घरचं काय बोललान काय त्यात?"

"मी वाचलेलं नाही, आये."

"तेवडंच ऐकायला आले मी," ती म्हणाली. "चुलता मेला असं मनात धरून गेला, का कुनी सांगितलंन त्याला, तेवडंच."

कनात त्या दिवशी काढली होती. शेड भरली. तात्या बोलले, फोटोला हार घातला, आणि दत्ताराम अंक घेऊन स्टुलावर चढला. तो आधी साध्या आवाजात वाचू लागला. घोड्यावर बसायला कसे शिकलात, पडलात का, असे प्रश्न होते. मागून कोणीतरी म्हणालं, "दत्तू, असं काय वाचतोस? नीट वाच." त्याने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान हलवली.

मग तो आवाज आला. मला इतक्या वर्षांची सवय, पण मीही दार सोडून स्टुलाजवळ जाऊन उभी राहिले. समोर हार घातलेला फोटो आणि शेडभर चंद्रसेन बोलतोय. मी घोड्यावरून पडलो तेव्हा, मी पहिल्यांदा रंग लावला तेव्हा. पुरुष डोळे पुसत होते. वकिलीणबाई दिवे लागलेले असताना, चारचौघांत बसल्या होत्या आणि त्यांना पदर सावरायचंही भान नव्हतं. भागीरथी पुढच्या बाकावर हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

दत्तारामने पान उलटलं. पुढचा प्रश्न वाचला, "आपलं मूळ गाव कोणतं, घरी कोण कोण आहे?" आणि थांबला.

त्याचे डोळे पुढच्या ओळींवरून फिरताना मी पाहिले. मग त्याने भागीरथीकडे पाहिलं. इतकी वर्षं पाटीवर काही का असेना, तो मनाला येईल ते बोलत आला होता. आताही बोलू शकला असता. अंक त्याच्या हातात होता, तो आधी वाचलेल्या वकिलीणबाई सोडल्या तर कोणाला काही कळलं नसतं. एका म्हातारीला हवं होतं ते एक वाक्य.

"थांबलास कशाला रे?" भागीरथी म्हणाली. "वाच."

दत्तारामने घसा साफ केला आणि पुढचं स्वतःच्या आवाजात वाचलं, मोटारीच्या अड्ड्यावरसुद्धा कोणी ऐकला नसेल अशा बारक्या आवाजात.

मी देशावरचा. कृष्णेकाठचं लहान गाव. वडील शाळामास्तर होते, ते लहानपणीच वारले. आई गावीच असते, ती माझी चित्रं बघत नाही, तिला तलवारींची भीती वाटते. मुंबईला येईपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. चाहत्यांची पत्रं खूप येतात. कोकणातून बरीच येतात, आणि त्यांत गडगा असा एक शब्द असतो. तो म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

कोणीतरी हसलं, आणि मध्येच गप्प झालं.

नंतर शेडमध्ये जे पसरलं त्याला शांतता म्हणता येणार नाही. गर्दीत कोणाचा तरी पाय चुकून मुलावर पडावा आणि मूल अजून रडलेलं नसावं, तसं होतं ते. बातमी आली त्या दिवशी आम्हाला धक्का बसला होता. हा त्याहून वेगळा होता. तो आमचा नव्हता, कधीच नव्हता, आणि आमच्या पत्रांतला शब्द त्याला कळतसुद्धा नव्हता. मी भागीरथीच्या शेजारी जाऊन उभी राहिले, कारण ती पडेल असं मला वाटलं. ती पडली नाही.

"म्हंजे हा माजा नव्हं."

"नाही, आये."

"ह्याची आय दुसरी हाय."

"हो."

"तिला कळलं असंल," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "कवा तरी तिला माजा राम राम कळवा. तिच्या लेकाचं सुतक मी धरलं व्हतं म्हनावं. काय कमी नाय केलं."

बायका तिच्याभोवती जमल्या. बायका अशा वेळी चांगलंच बोलतात. "आये, गोड मानून घ्या. म्हणजे तुमचा सखाराम आहे. कुठेतरी सुखरूप असेल."

तिने त्यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"इतकी वर्सं मला ठाव व्हतं तो कुठं हाय. बारीक झालाय काय, घसा बसलाय काय, येऊन बगत व्हते. मेला तवा पन ठाव व्हतं. आता कायच नाय ठाव."

दत्ताराम स्टुलावरून उतरून तिच्यापुढे येऊन बसला, खाली, लोकांच्या पायांनी आत आलेल्या चिखलात. "आये, मी तुला सांगितलं होतं गो."

"सांगितलं व्हतंस," ती म्हणाली. "तुजी काय चूक नाय. मीच वळकला."

वकिलीणबाईंनी अंक पदरात गुंडाळला आणि त्या कोणाकडे न बघता निघून गेल्या. फोटो तात्यांनी भागीरथीला द्यायचा ठरवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नको म्हणून खूण केली. तिने तो मागितला नाही.

शेड रिकामी होईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग उठली, पदर खोचला, दारापर्यंत आली. माझी नेहमीची जागा तिथेच, म्हणून मीही तिथे होते. तिने बाहेर आभाळाकडे पाहिलं.

"वहिनी, मुंबयच्या बोटी यंदा कवा चालू व्हनार?"

"समुद्र शांत झाला की," मी म्हटलं. "गणपतीच्या आगेमागे."

तिने मनाशी हिशेब केला आणि मान डोलावली.

"मग तवर सख्यासाटी घर सारवून घेते," ती म्हणाली, आणि खाडीच्या वाटेला लागली.